पिंपळाची तक्रार

बोन्साय स्पर्धेत परीक्षकांनी झाडांना बोलतं करणाऱ्या नव्या यंत्राचा चिमटा पानाला लावला आणि राधाक्काचा वीतभर पिंपळ यंत्राच्या भोंग्यातून भर मंडपात बोलला, "डावी फांदी दुखते."

राधाक्काचे कान तापले. फांदी अजून वळणाला बसली नव्हती, म्हणून फांदी वाकवणारी तांब्याची तार तिनं प्रदर्शनाआधी काढलीच नव्हती, दिसू नये म्हणून वरून शेवाळ चिकटवलं होतं.

"आत्याबाई, गप्प राहा," सून कुजबुजली. "मार्क वळणाला आहेत, रडगाण्याला नाहीत. ढाल आपलीच."

"तीस वर्षं हा मुका होता, तोवर मी शहाणी होते. आता वाचा फुटली, तर तोंड फिरवू होय गं?"

राधाक्कानं कात्रीनं तार तोडली. फांदी वर उचलली गेली, वळण मोडलं.

"लावा परत चिमटा," ती परीक्षकांवर खेकसली. "ढालीचं तुमचं तुम्ही बघा. मला ह्याचं ऐकू द्या."