लाइन क्लिअरचा नंबर

अपघाताच्या आदल्या दिवशीही दोघांचं फोनवर एवढंच बोलणं झालं होतं.

"आमू, नदीकाठ फीडर बंद कर. खांबावर चढायचंय."

"केला, पप्पा."

"बघून सांगतेस ना?"

"नाही, अंदाजाने."

रावसाहेब हसले. अर्ध्या तासाने त्यांचा पुन्हा फोन आला. "उतरलो सगळे. चालू कर. आणि येताना मेथी आण, आईने सांगितलंय."

खराडीच्या सबस्टेशनमध्ये आम्रपाली ऑपरेटर होती आणि तिचे वडील रावसाहेब तिथून निघणाऱ्या लाइनींवर, म्हणजे फीडरवर, लाइनमन. लाइन बंद करून कामाला दिलेली परवानगी म्हणजे लाइन क्लिअर. ऑपरेटरने तिचा नंबर वहीत लिहून सांगायचा, लाइनमनने तो म्हणून दाखवायचा, आणि काम संपलं की परत करायचा. नंबर परत आल्याशिवाय लाइन चालू होत नाही. इतरांशी दोघंही हे नेमाने करत. एकमेकांशी दोन वर्षांत कधी केलं नव्हतं. बापलेकीत कसला नंबर?

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला पाळी बदलली. नव्या पाळीवर आलेल्या सुदर्शनला नदीकाठचा ब्रेकर बंद दिसला, वहीत नोंद दिसली नाही. फीडर आपोआप ट्रिप होऊन बंद पडला असेल असं समजून त्याने तो चालू केला. रावसाहेब तेव्हा तारेतली वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा रॉड लावायला नुकते वर चढले होते.

महिन्याने चौकशी अधिकारी काळभोर अहवाल घेऊन सबस्टेशनात आले. 'मृत कर्मचाऱ्याने लाइन क्लिअर न मागता काम सुरू केले,' असं त्यात लिहिलं होतं. तीनला पाच मिनिटं कमी असताना बापलेकीचा फोन झाला होता. पण ते बोलणं घरचंच असणार, असं सगळ्यांनी धरलं. तिला कुणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

"आधीच्या पाळीची ऑपरेटर म्हणून तुमची सही लागेल," काळभोर म्हणाले. "काळजी करू नका, तुमच्यावर काहीच नाही. वाचा हवं तर. वाचायची आवड आहे म्हणे तुम्हाला."

तिने तिन्ही पानं वाचली.

"वय चुकलंय. अठ्ठावन्न नाही, सत्तावन्न."

काळभोरांनी आकडा दुरुस्त केला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला. संपत होता, रावसाहेबांचा जोडीदार.

"ताई, नदीकाठ बंद करून द्या. इन्सुलेटर बदलायचाय."

"थांबा, काका."

तिने पेन खाली ठेवलं आणि नदीकाठचा ब्रेकर बंद केला. हेल्मेट आणि हातमोजे घालून ती यार्डात गेली. लाइन डोळ्यांदेखत तोडणारा आयसोलेटर उघडून खाली उभी राहिली आणि तिन्ही पाती सुटली आहेत का, हे एकेक करून पाहिलं. तारेत दाब नाही हे तपासून अर्थिंग लावलं. हँडलला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, 'माणसं कामावर आहेत' ही लाल पाटी अडकवली. मग आत येऊन वहीत लिहिलं.

"एकशे बेचाळीस. म्हणून दाखवा."

"आता आपल्यात कसला नंबर, ताई?"

"आपल्यात म्हणूनच."

"एकशे बेचाळीस. नदीकाठ," संपत म्हणाला.

"तपासून दोन्ही बाजूंना रॉड लावा. त्याआधी कुणी तारेला हात लावायचा नाही."

काळभोरांनी घड्याळ पाहिलं. "एका सहीला किती वेळ लागतो, बाई?"

"एकशे बेचाळीस परत आला की बघू, साहेब."

फोन वाजत राहिला. एका सोसायटीतून कुणी तरी विचारत होतं, "मॅडम, मीटिंग चालू आहे माझी. अजून किती वेळ?"

"माणसं उतरेपर्यंत."

तीनला सुदर्शन आला. महिनाभर त्याने तिच्या नजरेला नजर दिली नव्हती. आजही वहीकडे बघतच म्हणाला, "तुम्ही निघा. मी बघतो."

"एकशे बेचाळीस बाहेर आहे. तो आल्याशिवाय मी जात नाही."

काळभोर म्हणाले, "आज फारच पुस्तकी काम चाललंय."

साडेतीनला संपतचा आवाज आला. "एकशे बेचाळीस परत. चौघं खाली, रॉड काढले."

"चौघांची नावं सांगा."

त्याने सांगितली. तिने वहीत लिहिली, यार्डात जाऊन पाटी, अर्थिंग, कुलूप काढलं, आयसोलेटर लावला आणि आत येऊन ब्रेकर चालू केला. मीटरचा काटा सरकला.

"आली लाइन," संपत म्हणाला. "रावसाहेबांनी एवढं विचारून घेतलं असतं, तर... जाऊ दे, ताई."

सुदर्शन खिडकीकडे वळला. काळभोरांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

तिने फोन बंद केला नाही.

"त्यांनी विचारलं होतं, काका," ती म्हणाली. मग काळभोरांकडे पाहिलं. "साहेब, फीडर ट्रिप झाला नव्हता. पप्पांनी फोन केला आणि मी बंद केला. वहीत लिहिलं नाही. सुदर्शनला सांगितलं नाही. तीन वाजले होते. मी पर्स उचलली आणि निघाले."