शाळेसमोरचा फ्लॅट

“गॅलरीतून शाळेचं फाटक दिसतं ना?” मॅडमनी चपला काढायच्या आधीच विचारलं.

“फाटक काय, घंटासुद्धा ऐकू येते,” एजंटबाई म्हणाल्या.

सकाळपासून दाखवलेला हा त्यांचा पाचवा फ्लॅट. टाचेला फोड आला होता आणि हसून हसून गाल दुखत होते. वस्ती मात्र उंची. रुंद सावलीचे रस्ते, गणवेशातला वॉचमन, मजला बोलून दाखवणारी लिफ्ट. इथले नळसुद्धा हळू आवाजात गळतात, असं त्या घरी सांगायच्या.

सर आणि मॅडम वेगवेगळ्या गाड्यांनी आले होते. दोघंही थेट कामावरून, दोघांच्याही डोळ्यांखाली काळं. दोन महिन्यांत एकवीस घरं बघून झाली होती. राहतं घर महिनाअखेर सोडायचं होतं आणि आठ वर्षांच्या लेकीनं एकच हट्ट धरला होता: शाळा बदलायची नाही.

घरमालकीण मात्र भारी चिकित्सक. आधीच्या नवरा-बायकोनं भांडून भांडून अख्खा मजला जागवला होता. “समजूतदार जोडपं आण, नाहीतर फ्लॅट रिकामा राहिला तरी चालेल,” असं तिनं एजंटबाईंना बजावलं होतं.

लहान बेडरूम लेकीची, हे ठरायला वेळच लागला नाही. सरांनी टेप काढून खिडकीखालची जागा मोजली.

“टेबल इथे बसेल.”

“दिवा डावीकडून हवा. नाहीतर वहीवर हाताची सावली पडते,” मॅडम म्हणाल्या.

“बरं.”

बरं! एजंटबाईंनी नवऱ्याच्या तोंडून हा शब्द शेवटचा कधी ऐकला होता, त्यांना आठवेना.

मोठ्या बेडरूममध्ये मॅडमनी कपाट उघडलं. “दोन्ही भागांना वेगळं कुलूप आहे का?”

“आहे की.” काय टापटीप बाई, असं एजंटबाईंना वाटलं. त्यांच्या घरी नवऱ्याचे मोजे त्यांच्याच कपड्यांत सापडायचे.

“गादी मऊच घे,” सर म्हणाले. “तुझी पाठ दुखते.”

“तुला कडक लागते ना?”

“चालवून घेईन. मला कुठे रोज झोपायचंय?”

“सर फिरतीवर असतात वाटतं?” एजंटबाईंनी विचारलं.

“दोघंही,” मॅडम म्हणाल्या. “पण लेकीजवळ कोणीतरी एक असतंच.”

तेवढ्यात एजंटबाईंचा फोन वाजला. नवऱ्याला चष्मा सापडत नव्हता. “डोक्यावर बघा!” त्या खेकसल्या आणि ओशाळल्या. सर-मॅडमनी ऐकलंच नाही असं दाखवलं. एवढं सांभाळून घेणारी माणसंही जगात असतात, या विचारानं एजंटबाईंना उगाच भरून आलं. स्वतःच्या पंचवीस वर्षांच्या संसाराचा त्यांना अगदी कंटाळा आला.

त्यांनी तिथूनच घरमालकिणीला फोन लावला. “ताई, छातीठोक सांगते. तासभर झाला, एक शब्द चढ्या आवाजात नाही. असं जोडपं दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही.”

पलीकडून होकार आला. मॅडम भिंतीला टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

“सुटलो,” सर म्हणाले.

एजंटबाईंनी जुडग्यातून दोन किल्ल्या सोडवल्या. “ही सरांची, ही मॅडमची.”

सरांनी आपली परत त्यांच्या हातावर ठेवली. “एकच पुरे.”

“अहो, दोघं फिरतीवरची माणसं. एकमेकांची चुकामूक झाली तर?”

“चुकामूकच व्हायला हवी,” मॅडम म्हणाल्या. “रविवारी मी निघताना किल्ली याच्या हातात देईन, पुढच्या रविवारी हा माझ्या. घटस्फोट आमचा झालाय. दप्तर घेऊन दोन घरांत तिनं का हिंडायचं?”