चार किलोमीटरची सोपी वाट

"चार किलोमीटर म्हणजे बाबाच्या डाव्या हातचा मळ," असं म्हणत पिल्वीनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर हाउकिवारा वनउद्यानाचा नकाशा पसरला.

ताइस्तोनं चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. त्याची ही लेक हेलसिंकीहून सहाशे किलोमीटर गाडी हाकत आली होती. कशाला, तर बाप दर रविवारी जिथं चालायला जातो ती वाट एकदा डोळ्यांनी बघायला.

आणि बाप तिथं जातच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायपास झाली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, आठवड्यातून एकदा तरी रानात चाला. त्याची बायको राइली लगेच म्हणाली होती, "मी येते सोबत." त्यावर हा खेकसला, "चाळीस वर्षं या रानात झाडं पाडलीत मी. मला दाई नकोय बरोबर!" आणि गेला तरातरा एकटा. दलदलीवरच्या फळ्यांच्या वाटेनं दोनशे पावलं गेला नसेल, तोच छाती धडधडायला लागली, दरदरून घाम फुटला. आजूबाजूला चिटपाखरू नाही. झालं काहीच नव्हतं, नुसती भीती. पण जन्मभर रानात राबलेला माणूस रानातच घाबरला, हे सांगायचं कुणाला? तेव्हापासून दर रविवारी तो गाडी घेऊन निघायचा आणि शेजारच्या गावी पेट्रोल पंपावरच्या कॅफेत दोन तास बसून परत यायचा. घराच्या अलीकडे थांबून बुटांना माती फासायचा. त्या वेळी त्याला स्वतःची इतकी लाज वाटायची की कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

राइलीनं पुन्हा सोबत येण्याचं नाव काढलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणाली, विषय संपला.

"सुरुवात कुठून करायची, बाबा? घरामागच्या पायवाटेनंच जाऊ या का?"

ताइस्तोनं नकाशावर बोट ठेवलं खरं, पण ते पुढं कुठं न्यावं ते त्याला कळेना.

"तिकडून नको," राइली भांडी विसळता विसळता म्हणाली. "ओढ्यापाशी चिखल झालाय. गाडीनं उद्यानाच्या मोठ्या दाराशी जाऊ. तिथून पहिल्या फाट्याला डावीकडे. उजवीकडच्या फळ्या कुजल्यात. तूच म्हणालास ना, ताइस्तो?"

"हो, हो. मीच म्हणालो."

कधी म्हणालो ते त्याला काही आठवेना. पण तेवढ्यापुरता तरी तो सुटला.

पिल्वी यादी करत होती. सॉसेज, मोहरीची चटणी, राय ब्रेड, कॉफीची किटली. मग तिनं पेन्सिल उंचावली. "आणि वाटेवरच्या खोपटातली नोंदवही! बाबाचं नाव असलेली सगळी पानं शोधून फोटो काढणार मी. ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझा बाप मरणाच्या दारातून परत आला आणि आता दर रविवारी रान तुडवतो."

ताइस्तो घाईघाईनं नकाशाची घडी घालायला लागला. "मी फारसं लिहीत नाही गं नाव. कशाला उगाच मिरवायचं?"

"हे तू म्हणतोस? लहानपणी मला किती दटावायचास! वहीत नाव नसलं तर शोधायला येणाऱ्यांना कसं कळणार, माणूस कुठवर गेला ते?"

"उद्या पाऊस आहे म्हणे. त्यापेक्षा तळ्यावर जाऊ या ना, मासे पकडू."

"पाऊसबिऊस काही नाही," राइलीनं हात पुसले. "सोपी वाट आहे. मीही येते."

सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना ताइस्तोनं मनाचा हिय्या केला. "पिल्वी, तुला एक सांगायचं होतं..."

"काय रे, बाबा?"

"टोपी घे. गार वारं आहे."

तो मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत गाडीत बसला.

सप्टेंबरातलं रान लालपिवळं झालं होतं. दोघी पुढेमागे असल्यामुळे त्याची छाती शांत होती, आणि याचीही त्याला लाजच वाटत होती. लेक मध्येच वळून कौतुकानं बघायची. त्या कौतुकानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

खोपट आलं. राइली बाहेरच्या चुलीपाशी लाकडं रचायला बसली. पिल्वी थेट आत शिरली. फळीवरून वही ओढल्याचा आवाज ताइस्तोला ऐकू आला.

तो दाराशी उभा राहिला. आता तिला कळणारच होतं. मग निदान आपल्या तोंडून तरी कळू दे, असं त्याला वाटलं.

"पिल्वी, थांब. ऐक माझं. त्या वहीत माझं नाव नाही."

"नाही कसं? हे काय, ढीगभर आहे की!" ती हसतच बाहेर आली. "ऐक. 'ताइस्तो आणि राइली. रिमझिम. फळ्या निसरड्या.' मग पुढच्या रविवारी, 'ताइस्तो आणि राइली. तीन हंस दिसले.' हे बघ, उणे वीस अंशांच्या थंडीतसुद्धा! एक रविवार सोडलेला नाही. आई, तूसुद्धा? आणि आम्हाला पत्ता नाही!"

ताइस्तोनं राइलीकडे पाहिलं. ती वाकून विस्तवावर फुंकर घालत होती.

"वही बाबाकडे दे," ती मान वर न करता म्हणाली. "आजचं त्याला लिहू दे. इतके दिवस दोघांचं मी एकटीच लिहीत आले."