पाहिले

राजूर घाटातून पोरं नेणाऱ्या शाळेच्या बसचे ब्रेक उशिरा लागतात, असं ड्रायव्हर गुलाबराव नऊ दिवस वहीत लिहीत होता. खाली हेडसर रोज लफ्फेदार सही ठोकून ‘पाहिले’ लिहीत.

“सर, वाचता ना?” त्यानं एकदा विचारलंच.

“तुमचं पुराण वाचाले टाइम कोणाले हाये? गाडी चालवा!”

यापेक्षा अंगठेबहाद्दर परवडला, गुलाबराव मनात म्हणाला.

दहाव्या दिवशी सरांची नात मैत्रिणींसोबत त्याच बसमध्ये चढली. सर धावतच आले, तिला दंडाला धरून उतरवलं आणि स्वतःच्या कारमध्ये नेऊन बसवलं. बाकीची पोरं बसमध्येच होती.

गुलाबरावनं बस बंद केली, चावी सरांच्या हातावर ठेवली.

“माफ करा सर. मी तुम्हाले निरा अडाणी समजत होतो.”