आठ दिवसांचे खुंट

पीसीओडीमुळे हनुवटीवर येणारे राठ केस ती रोज न चुकता काढायची. "आधी दाढी कर, मग चारचौघांत बस," असं आईच तिला वयात आल्यापासून टोचायची. पण आईला हॉस्पिटलात ठेवल्यापासून आठ दिवस तिला आरसा बघायलाही सवड नव्हती.

नजर आणि आठवण दोन्ही हरवलेल्या आईने आज चाचपत तिची हनुवटी कुरवाळली. बोटांना खुंट लागले, तशी म्हातारी खुलली.

"आलास का रे बाळा?"

धाकटा भाऊ वारून चार वर्षं झाली होती. तरी घास भरवत ती नुसतं "हं" म्हणाली.

 

"ताईला सांग, दाढीवरून फार बोलले रे मी तिला. म्हणूनच ती मला बघायलासुद्धा येत नाही."