रंगरंगोटी

बर्गनच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या तोरुनला हेडमास्तर हाल्वार्डने खोलीत बोलावून घेतलं.

“सुन्निवाला सगळ्या विषयांत सहापैकी सहा, आणि तुझ्या चित्रकलेत तीन? पोरीचं मेडिकल हुकवशील!”

“तिने दुसऱ्याचं चित्र गिरवून दिलंय.”

“मग काय झालं? रंगरंगोटी तर आहे! सहा दे आणि मोकळी हो.”

“बरं. मग आयविनला गणितात दोनच मिळालेत, तेही सहा कर. त्यालाही पुढे शिकायचंय.”

“डोकं ठिकाणावर आहे ना? गणित आहे ते!”

मग हाल्वार्ड येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा ते बंदराचं चित्र तोरुनने त्याच्या खुर्चीमागच्या खिळ्यावरून उतरवलं आणि बगलेत मारलं.

“अगं, हे कुठे नेतेस?”

“आयविनला परत द्यायला. त्याने काढलंय.”