शाळा बंद, बदाम सात सुरू

हिमवादळानंतर रेगेन्सबर्गच्या शाळा बंद झाल्या आणि सुट्टी वाढतच गेली. सगळे आईबाप हवालदिल झाले. मोठ्या माणसांत आनंद झाला तो फक्त पुण्याहून आलेल्या दिनकररावांना. त्यांची आठ वर्षांची नात ईप्सिता हिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं जर्मनमध्ये. शनिवारचा मराठी वर्ग झाला, गोष्टी झाल्या, श्लोक झाले, चॉकलेटचं आमिषही झालं. परतीचं विमान तर तोंडावर आलं होतं.

आजोबांनी पत्ते काढले. बदाम सातचा प्रत्येक डाव तेच जिंकू लागले, कारण नको असलेले पत्ते ते खुशाल मांडीखाली सरकवत.

"दास इस्ट उनफेअर!" ईप्सिता किंचाळे.

"आपल्याला बुवा जर्मन कळत नाही," असं म्हणून आजोबा पुढचा डाव पिसत.

आज सकाळी मात्र तिचा संयम संपला. ती ताडकन उभी राहिली.

"आजोबा, तू एक नंबरचा लबाड आहेस! मांडीखाली पत्ते आहेत! ऊठ! ऊठ म्हणते ना!"

आतल्या खोलीत ऑफिसची मीटिंग चालू ठेवून सूनबाई धावत आली. "अहो बाबा, लहान मुलीशी कसली लबाडी करताय?"

दिनकररावांनी हातानेच तिला थांबवलं आणि पुण्याला बायकोला फोन लावला.

"अगं सुधा, नात मला लबाड म्हणाली! सबंध सोसायटीत पेढे वाट."